मान्यवरांच्या हस्ते

मला राग आला की माझं ब्लडप्रेशर चढतं, आणि ते चढलं की मशीन बोंबलायला लागतं. म्हणून डायलिसिसच्या खोलीत मी रागवायचं नाही असा नियमच त्या पोरीनं मला घालून दिला होता. "आजी, चपला दाराशी काढता ना, तसा राग घरी ठेवून येत जा, इथं जागा न्हाय," म्हणायची. आता मी घरीच बसलेय, हाताला नळ्या नाहीत, दम द्यायला कुणी नाही. तेव्हा सगळं बोलून घेते.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी दोन्ही मूत्रपिंडं बसली. जागेवर आहेत, काम शून्य. आठवड्यातून तीनदा उरणच्या एका ट्रस्टच्या केंद्रात जायचं, हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या, आणि अंगातलं रक्त मशीनमध्ये फिरून, धुऊन परत येईस्तोवर चार तास पडून राहायचं. सासरी आमचं मिठागर होतं. तरुणपणी पायाची कातडी फुटेस्तोवर मीठ ओढलं, आणि आता डॉक्टर म्हणतात मीठ बंद. पाणीसुद्धा मोजून. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसते म्हातारी, लहान पोरासारखी. शाळा माझी दुसरीत सुटली. पुढचं वाचायला मी मुलांच्या पुस्तकांतून शिकले, आणि लिहायला त्यांची लग्नं झाल्यावर. त्यामुळे कुठं चुकलं-माकलं तर पुढं जा.

ती पोर म्हणजे आमची तंत्रज्ञ. डायलिसिसचं मशीन लावणारी. करंज्याच्या कोळ्यांची लेक, बाप बोटीवर, आई टोपली घेऊन बाजारात. घरात दहावीच्या पुढं गेलेली ही पहिली. पनवेलला राहून डिप्लोमा केला, तिथंच एका इस्पितळात शिकली आणि आमच्याकडं लागली. सुई घालायच्या आधी ती माझ्या हातावरच्या, सुयांसाठी ऑपरेशन करून फुगवलेल्या नसेवर तळवा ठेवायची आणि आतली थरथर लागते का बघायची. "इंजिन चालू हाय," म्हणायची आणि मगच सुई उचलायची. माझ्या शेजारच्या खाटेवर एक भाऊ असतात, जन्मभर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवला त्यांनी. ते ओरडायचे, "अगो बाय, माझं पण इंजिन बघ, डिझेल भरायचं हाय!" अशी आमची दुपारची शेवटची शिफ्ट. ती शिफ्ट त्या पोरीच्या जिवावर चालायची. सकाळच्या दोन शिफ्टना दुसरी दोन माणसं होती.

तर झालं असं. वरून तपासणी येणार म्हणून ट्रस्टनं नियम काढला, की पुढच्या महिन्यापासून ज्याच्याकडं नोंदणीचं कार्ड त्यानंच मशीनला हात लावायचा. नियम चुकीचा नव्हता. मीच म्हणते, कुणीही सोम्यागोम्या येऊन माझ्या नसेत सुई घालणार असेल तर त्याच्याकडं कागद पाहिजे. ज्यांना तपासून घ्यायचंय त्यांनी खुशाल तपासावं. पोरीनंही वेळेत सगळं केलं होतं. जिल्ह्याच्या तंत्रज्ञांची एक संघटना आहे, तिच्यामार्फत अर्ज जातो, ती कागद तपासते, सभासद करून घेते आणि मग कार्ड येतं. पोरीचे कागद तपासून झाले, पास झाले, कार्ड छापून अलिबागच्या ऑफिसात आलंसुद्धा. तिला तसा मेसेज आला. तिनं आम्हाला सगळ्यांना वाचून दाखवला, भाऊंनी पडल्या पडल्या एका हातानं मांडीवर टाळी वाजवली.

मेसेजच्या खाली अजून एक ओळ होती. 'कार्डवाटप मान्यवरांच्या शुभहस्ते समारंभपूर्वक करण्यात येईल. तारीख लवकरच कळवू.'

तिच्यासारखी जिल्ह्यातली कितीतरी पोरं होती. एक्स-रे काढणारी, रक्त तपासणारी, ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं देणारी. सगळ्यांची कार्डं तिथं खोक्यात तयार. पण द्यायची कशी? कुणा मोठ्या माणसाच्या, पुढारी साहेबांच्या हातून. आणि त्या मोठ्या माणसाला वेळ नव्हता.

पहिली तारीख मिळाली, ती रद्द झाली, साहेब दिल्लीला. दुसरी मिळाली, साहेबांच्या घरात लग्न. मग निवडणूक लागली आणि आचारसंहिता सुरू झाली, म्हणजे साहेबांना आता कसलंच वाटप करता येईना. पोरीनं फोन केला, की मी एकटी येऊन कार्ड घेऊन जाऊ का. उत्तर आलं, ताई, असं सुटं सुटं देता येत नाही, कार्यक्रमाची शोभा जाते.

शोभा! हा शब्द मी तेव्हापासून घरात कुणाला बोलू देत नाही.

महिना उलटला. मॅनेजर तसा वाईट माणूस नाही, पण नोकरीला घाबरणारा. त्यानं पोरीला मशीनवरून काढून बाहेर टेबलाशी बसवलं, नावं लिहायला. हातात कला असलेली पोर तिथं बसून आमची वजनं टिपायची. आणि आमची शिफ्ट बंद. आम्हा सगळ्यांना सकाळच्या शिफ्टमध्ये जागा मिळेल तशी कोंबलं. तीनदाच्या जागी दोनदा.

ज्याला हे ठाऊक नाही त्याला सांगते, दोनदा म्हणजे काय. पाणी अंगातून जात नाही. आधी पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. मग तोंड. मग रात्री आडवं झालं की छातीवर कुणी गोणी ठेवल्यासारखं होतं, म्हणून बसून झोपायचं. सून बिचारी उशा लावून द्यायची. मी तिच्यावरच ओरडायचे. राग कुणावर काढणार? साहेबांचा नंबर काय माझ्याकडं होता?

आणि एका रविवारी भाऊंना धाप लागली. घरच्यांनी गाडीत घालून नवी मुंबईला नेलं, आयसीयूत ठेवलं. वाचले. परत आले तेव्हा अर्धे झाले होते. मी विचारलं, "काय भाऊ, डिझेल भरलं का?" तर नुसतं बघितलं माझ्याकडं. हा माणूस कधी गप्प बसलेला मी पाहिला नव्हता.

त्या दिवशी केंद्रातून निघताना मी पोरीच्या टेबलापुढं उभी राहिले. "उद्या आपण अलिबागला जातोय."

"आजी, तुमचे पाय बघा आधी."

"पाय माझे हायेत. तू तिकीट काढ."

करंज्यावरून लाँचनं रेवसला उतरलो. ओहोटी होती, पायऱ्यांवर शेवाळ, दोन खलाशांनी मला बखोटीला धरून वर घेतलं. तिथून एसटी. संघटनेचं ऑफिस एका इमारतीत पहिल्या मजल्यावर. तो जिना कसा चढले, ते मी इथं लिहीत नाही, रडू येईल. आत सेक्रेटरी बसलेले. पन्नाशीचे, केसांना काळा रंग, बोलायला गोड. स्वतः कधी काळी लॅबमध्ये रक्त तपासायचे म्हणे. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी पुढं केलं.

"पाणी नको," मी म्हटलं. "पाण्यानंच आलेय मी इथवर."

त्यांना कळलं नाही. पोरीनं सांगितलं, की या माझ्या पेशंट, शिफ्ट बंद झालीय, कार्ड मिळालं तर उद्यापासून सुरू होईल.

"अहो ताई, तुमचं कार्ड रेडी आहे," ते म्हणाले आणि पाठीमागच्या कपाटाकडं हात केला. "तिथंच आहे. काही अडचण नाही."

"मग द्या," मी म्हटलं.

"मावशी, तसं नसतं. जिल्ह्यात पहिल्यांदाच कार्डं आलीत. आम्ही किती खेटे घातलेत त्यासाठी! साहेबांना शब्द दिलाय. बॅनर छापलाय. आधीच वाटून टाकली तर साहेब कुणाला देणार?"

"दुसऱ्या कुणाला देतील. हिचं एक कमी झालं तर काय होतंय?"

"एकीला दिलं की उद्या सगळे येतील."

"येऊ देत की! त्यांचीच हायेत ना ती?"

ते हसले. मोठी माणसं म्हातारीकडं बघून हसतात तसं. "तुम्हाला आमच्या क्षेत्रातलं ठाऊक नाही मावशी. आमच्या लोकांना कुणी विचारत नाही. डॉक्टरला मान, नर्सला मान, आमचं नाव कुठं असतं का? एकदा साहेबांच्या हातून कार्ड घेतानाचा फोटो पेपरात आला, की लोकांना कळेल आम्ही पण आहोत."

आता खरं सांगते, तेवढं बोलणं त्यांचं मला पटलं. मशीन लावणाऱ्या पोरीला आमच्यातले काही पेशंट 'ए सिस्टर' म्हणून हाक मारतात, काही तर 'ए बाई'. डॉक्टर महिन्यातून एकदा डोकावतो, त्याच्या पाया पडतात. पण पटलं म्हणून राग गेला का? उलट वाढला. मान मिळवायला निघालात, आणि ज्या कामासाठी मान पाहिजे ते कामच बंद पाडून बसलात!

मी म्हटलं, "साहेब, माझ्याबरोबरचा माणूस आयसीयूत जाऊन आला. दोनदावर आणलंय आम्हाला. मी आता इथनं उठत नाही. मी इथं पडले तर तुमच्याच ऑफिसात पडीन, आणि मग तो फोटो पण येईल पेपरात."

पोर म्हणाली, "आजी!" पण तिनं मला उठवलं नाही.

बराच वेळ ते मोबाइलवर कुणाकुणाशी बोलले. मग त्यांनी तोडगा काढला, आणि तो ऐकून मला हसावं की रडावं कळेना. कार्ड आज घेऊन जा. पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी परत जमा करायचं, म्हणजे साहेब ते रीतसर देतील. दिलेलं परत घ्यायचं आणि परत द्यायचं. पोर 'हो' म्हणाली. मी तिला कोपर मारलं, तरी 'हो' म्हणाली.

शिफ्ट सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या अंगातून इतकं पाणी काढलं की घरी जाताना चपला सैल झाल्या. भाऊंचंही तोंड उतरलं, म्हणजे सूज उतरली. हळूहळू ते परत शिव्या देऊन बोलायला लागले, तेव्हा आम्ही समजलो बरे झाले.

निवडणूक आटोपली आणि तारीख आली. रविवार होता, केंद्र बंद. मी तिला म्हटलं, "जाऊ नको. कार्ड हाय ना हातात? बसू दे त्यांना वाट बघत."

ती सुया बाजूला ठेवत होती. म्हणाली, "आजी, मला जायचंय."

"अगो, त्या नाटकाला?"

"नाटक तर नाटक. आईनं साडी घेतलीय. बाबा बोटीवर जाणार न्हाईत त्या दिवशी. माझं नाव कुणीतरी माईकवर घेईल ना एकदा? तुम्हाला काय, तुमच्या सुनांनी तुमची साठी केली, हार घातले. मला आतापर्यंत कुणी घातलाय?"

 तिच्यावर मी असा आवाज चढवायला नको होता. पण मग माझा राग त्या माणसांवर दुप्पट झाला, की या पोरीच्या एवढ्याशा हौसेचा त्यांनी कसा लगाम करून ठेवला होता.

मीही गेले. अलिबागच्या हॉलमध्ये तिच्या आईच्या शेजारी बसले. सकाळी दारातच पोरीनं कार्ड जमा केलं, तिथल्या माणसानं ते खोक्यात टाकलं. कार्यक्रमाची वेळ होऊन गेली. साहेब मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरलेत, तिथं जेट्टीवर दुसरा सत्कार चाललाय, असं माईकवरून सांगत होते. मग रस्त्यात आहेत. मग पोचतच आहेत. पोरं-पोरी नटून बसलेली. जेवणाची वेळ टळली. एक मुलगी तर रात्रपाळी करून सरळ आली होती, बसल्या बसल्या मैत्रिणीच्या खांद्यावर झोपली.

साहेब आले. दिवा लावला. संघटनेच्या लोकांनी साहेबांचा सत्कार केला, साहेबांनी संघटनेच्या लोकांचा केला, मग उरलेल्या शाली त्यांनी एकमेकांना घातल्या. भाषण झालं. तुम्ही आरोग्याचा कणा आहात, म्हणाले. टाळ्या पडल्या. मग वाटप. माईकवर पाच नावं घेतली, पाच जण वर गेले, कार्ड धरून साहेबांबरोबर फोटो काढले. सेक्रेटरी साहेबांच्या कानाशी लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं, हात जोडले, आणि गेले. मागनं सगळे मान्यवर गेले.

माईकवर एक पोरगेला माणूस आला. म्हणाला, "बाकीच्यांनी आपापली कार्डं बाहेरच्या टेबलावरून घ्यावीत. जेवणाची व्यवस्था मागे आहे."

तिची आई मला म्हणाली, "आमच्या पोरीचं नाव कवा घेतील?"

मी काय सांगणार होते त्या माउलीला? सांगा ना तुम्ही.

टेबलाशी ही झुंबड. खोकी उलटीपालटी, नावं शोधायला जो तो हात घालतोय. पोर तासभर शोधत राहिली. तिचं कार्ड तिथं नव्हतंच. सकाळी जमा केलेली वेगळ्या खोक्यात होती म्हणे, आणि ते खोकं कुणाच्या तरी गाडीतून गेलं. फोन लावला, उचलला नाही. परतीच्या लाँचवर ती नव्या साडीचा पदर कमरेला खोचून उभी राहिली, बसली नाही.  तिचा बाप तेवढा एकदा म्हणाला, "माशांचा लिलाव पण यापेक्षा नीट असतो."

सोमवारी दुपारी मी केंद्रात गेले तर पोर परत टेबलाशी, वजनं टिपत. मॅनेजर म्हणे, कार्ड नाही तर मशीन नाही, तपासणीवाले कधीही येतील. सकाळचा तंत्रज्ञ आजच्या दिवस थांबेल.

"तो सकाळपासून उभा हाय," मी म्हटलं. "दमलेल्या हातानं मी सुई घेणार न्हाय. हिनं कार्ड दाखवलं होतं तुम्हाला, इतके दिवस तुम्हीच बघताय ते."

"आजी, कार्ड आता कुठं आहे?"

"ज्यांनी परत मागून घेतलं त्यांना विचारा! लावा फोन. मी खाटेवर चढत नाही."

भाऊ आधीच खाटेवर होते. त्यांनी पाय खाली सोडले. "मी पण न्हाय. ट्रेलर अडवून ठेवायची सवय हाय मला." बाकीचे दोघंतिघंही उठून बसले. मला मनातून भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. शनिवार-रविवारचं पाणी अंगात होतं, सगळ्यांच्याच.

मॅनेजरनं फोन लावला. बाहेर जाऊन बोलला. थोड्या वेळानं आत आला आणि मोबाइल आमच्यापुढं धरला. सेक्रेटरींनी खोकं उघडून कार्डाचा फोटो पाठवला होता. तिचं नाव, नंबर, तिचा घाबरलेल्या चेहऱ्याचा फोटो. "झालं," तो म्हणाला, "नंबर मिळाला, एवढं पुरे. करा सुरू."

एवढं पुरे!

मी म्हटलं, "मग हाच फोटो त्यांनी पहिल्या दिवशी कपाटातून काढून पाठवला असता तर?"

मॅनेजरनं मोबाइल खिशात घातला. भाऊंनी पाय वर घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं. आयसीयूत काय काय झालं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही सांगितलं नाही.

पोर उठली, हात धुतले, कामाला लागली.

आमची शिफ्ट अर्ध्यावर आली असेल, तर दारात सेक्रेटरी स्वतः. कार्ड घेऊन आले होते. बरोबर एक गुच्छ, एक शाल, आणि मोबाइल धरलेला माणूस. काल जरा गडबड झाली, म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "मावशी, कार्ड तुमच्याच हस्ते देऊ या. पेशंटच्या हातून तंत्रज्ञाचा सन्मान. फार सुंदर फोटो येईल."

मी माझे हात दाखवले. एकात दोन सुया, दुसऱ्याला ब्लडप्रेशरचा पट्टा. "दोन्ही गुंतलेत," म्हटलं.

मग त्यांनी ते पोरीपुढं धरलं. ती भाऊंच्या सुईपाशी वाकली होती, रक्ताचा थेंब येत होता तिथं कापूस दाबून धरलेला. वर बघितलंच नाही तिनं.

"टेबलावर ठेवा साहेब," ती म्हणाली, "आणि चपला काढून आत येत जा."